चौथा भाग

एडविन लीड्सहून आला तो फक्त आवाज घेऊन.
सहा भागांची गोष्ट. चौथा हरवलेला.
कंपनीनं म्हणे फिती पुसून टाकल्या,
जागा हवी होती.
जागा हवी होती, हे कुर्ल्यात
मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

तेव्हा तो नऊ वर्षांचा. टीव्हीसमोर माइक धरून
पंचवीस मिनिटं श्वास रोखून बसलेला.
चित्रं गेली, हे राहिलं.
एक प्रत, जुन्या नोंदवहीप्रमाणे, बोटीनं एडनला,
तिथून मुंबईला,
आणि पुढे रकाना कोरा.

त्या कोऱ्या रकान्यात माझा मामा बसला होता.

हरबामामा. वय ब्याऐंशी, डाव्या डोळ्यात फूल.
मिठीकाठच्या पत्र्याच्या शेडमध्ये फिल्म धुवायचा.
कॉस्टिकच्या पिंपात रीळ सोडायचं,
थर सुटायचा, चांदी तळाशी,
चेहरे नाल्यात,
आणि उरलेली काचेसारखी पट्टी
किलोच्या भावानं भुलेश्वरच्या बांगडीवाल्याला.
हिंदी, तमिळ, इंग्रजी, पिंपाला सगळं सारखंच.

पण बुडवण्याआधी तो हातभर पट्टी उन्हात धरायचा.
तेवढाच त्याचा सिनेमा. मुका.

"एक उभी पेटी," एडविन म्हणाला, "विचार त्यांना.
आणि तिच्यातून उतरणारा म्हातारा."

मामानं तंबाखू मळली, चुना झटकला.
"असेल. खोकं होतं एक. माणूस जेमतेम उभा राहील असं.
पण दार उघडलं की आत हा एवढा दिवाणखाना."
मग माझ्याकडे वळून:
"आपली खोली नव्हती का रे?
दहा बाय बारा. अकरा माणसं,
शिवाय गावाहून कुणी ना कुणी आलेलं.
बाहेरून बघणाऱ्याला पटायचं नाही."
हे मी एडविनला सांगितलं नाही.
नंतर वाटलं, सांगायला हवं होतं.

एडविननं टेप लावली. खरखर. पावलं.
दम्याच्या माणसानं जिना चढावा
तसं कुठलंसं यंत्र.
मामानं डोळे मिटले. "आता तो पडला.
पोरगी धावतेय. हां, हा बर्फ.
आता म्हाताऱ्याचं तोंड पुसट पुसट,
आणि त्याच कोटात दुसराच कुणी. तरणा."

एडविन लिहीत होता. अक्षर कापत होतं.

"मागे म्हशी."
"म्हशी?"
"म्हशी. पाण्यात बसलेल्या."
मी त्याच्या भाषेत म्हशी म्हणालो.
त्यानं तेही लिहून घेतलं.

मामानं खरंच काय पाहिलं होतं, मला ठाऊक नाही.
हजारो पट्ट्या, हातभर हातभर,
साठ वर्षांपूर्वीचं ऊन.
कुणाचा बर्फ कुणाच्या म्हाताऱ्याला चिकटला असेल.
आणि तो चेहरा बदलणारा
कदाचित रिळातला नव्हेच,
पिंपात पहिल्या मिनिटाला
सगळेच तसे बदलत असतील.

सतराव्या मिनिटाला टेपवर एक बाई बोलली.
गोष्टीतली नव्हे. एडविनची आई,
लांबून, दुसऱ्या खोलीतून:
चहा ओतलाय, ये, निवून जाईल.
नऊ वर्षांचा एडविन उत्तर देत नाही.
त्यानं श्वास धरून ठेवलाय.

आणि आतून मामी, हात पिठात,
मनगटात त्या वेळच्या दोन बांगड्या,
कुणीतरी हाक मारली असं वाटून ओरडली,
"आले, आले!"

एडविननं टेप थांबवली. चष्मा काढला, पुसला,
तसाच हातात ठेवला.
बाहेर कुणीतरी मोरीत बादली ओतली.

मामा म्हणाला, "बंद का केलं?
मागे घे जरा.
म्हशींच्या आधीपासून लाव."